पावसाळ्याचे चार महिने आकाशदर्शन मंडळ कशाने टिकते?

ध्रुवमत्स्य (धागाकर्ता)

मृग लागला की आमच्या मंडळाचे आकाश मिटते. जूनच्या पहिल्या पंधरवड्यापासून ऑक्टोबरपर्यंत, ढगांतून एखादी चुकार रात्र मोकळी मिळाली तर तेवढी सोडून, महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत दुर्बीण बाहेर काढता येत नाही. आम्ही एका तालुक्याच्या गावात हौशी खगोलप्रेमींचे लहानसे मंडळ चालवतो. नोव्हेंबर ते मे या काळात अमावास्येच्या जवळच्या शनिवारी गावाबाहेरच्या माळावर आकाशदर्शन असते. शिक्षक, विद्यार्थी, बँकेतले कर्मचारी, शेतकरी कुटुंबे असे सगळे त्याला येतात आणि एप्रिलपर्यंत त्यांच्यातले बरेच जण आपलेच वाटू लागतात. पाऊस सरल्यावर पुन्हा जमतो तेव्हा मात्र जुनीच माणसे दिसतात, नवे बहुतेक गळालेले असतात. दर वर्षी हेच घडते, म्हणून इथल्या अनुभवी सभासदांशी सविस्तर बोलावे असे वाटले.

पावसाळा आपल्याकडून काय काय घेऊन जातो, ते आधी नोंदवतो. आकाशगंगेचा सर्वांत दाट भाग, म्हणजे वृश्चिक आणि धनु यांच्या दिशेचा केंद्राजवळचा पट्टा, जून ते ऑगस्टमध्ये रात्रीच्या सोयीच्या वेळी दक्षिणेला चांगला वर आलेला असतो आणि नेमका तेव्हाच तो आपल्याला दिसत नाही. आपल्याला तो पाहायचा तर मार्चमध्ये पहाटे उठावे लागते किंवा मे महिन्यात मध्यरात्र उलटेपर्यंत जागावे लागते. १२-१३ ऑगस्टच्या सुमाराचा ययातीचा उल्कावर्षाव जगभर लोक गच्चीवर पडून पाहतात आणि आपल्याला त्याची फक्त छायाचित्रे पाहायला मिळतात. २२ जुलै २००९ चे खग्रास सूर्यग्रहण हे या शतकातले सर्वांत दीर्घ ग्रहण होते आणि त्याचा पट्टा सुरतेवरून पाटण्याकडे गेला होता, पण त्या पट्ट्यात अनेक ठिकाणी जमलेल्या लोकांच्या माथ्यावर ढगच होते. जुलै २०२० मध्ये नुसत्या डोळ्यांनी दिसणारा निओवाइज धूमकेतूही असाच गेला.

मृग आणि आर्द्रा ही नावे गावातल्या प्रत्येकाला पावसामुळे पाठ असतात. जूनमध्ये सूर्यच त्या नक्षत्रांपाशी असतो, म्हणून तेव्हा ती रात्री दिसत नाहीत आणि डिसेंबरात रात्रभर दिसतात, एवढे समजावून सांगितले की शेतकरी श्रोता पुढे सरकून बसतो. असा श्रोता मिळूनही तो पुढच्या हंगामात परत येत नाही, याचेच मला वाईट वाटते.

माझे मत असे बनले आहे की माणूस मंडळात येतो तो आकाशाच्या ओढीने, पण पाऊस सरल्यावर परत येतो तो ज्याच्या हाती मंडळाचे एखादे काम असते तोच. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था ही भारतातली हौशी खगोलप्रेमींची सर्वांत जुनी संस्था, आणि तिची स्थापना १९४४ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे ऐन पावसाळ्यात झाली. तारे दिसत नसतानाही एकत्र बसण्यासारखे पुष्कळ काही आहे, हे तिच्या संस्थापकांना ठाऊक असले पाहिजे. आपापल्या गटांत पावसाळ्यात काय चालते आणि त्याने माणसे खरोखर टिकतात का, हे कृपया लिहावे.

काचकाम

आमच्याकडे पावसाळा हा दुर्बिणीचे आरसे घासण्याचा हंगाम आहे, आणि आमच्या गटातली बहुतेक घट्ट मैत्री त्या टेबलाभोवतीच झालेली आहे.

ज्यांनी हे काम पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगतो. १५० मिलिमीटर व्यासाच्या काचेच्या दोन जाड चकत्या घ्यायच्या. एक टेबलावर घट्ट बसवायची, तिच्यावर कार्बोरंडमची भरड पूड आणि पाणी टाकायचे, आणि दुसरी चकती वर ठेवून पुढे-मागे घासायची. घासताना वरची काच थोडी थोडी फिरवायची आणि आपणही टेबलाभोवती पावला-पावलाने फिरत राहायचे. एवढ्यानेच वरची काच अंतर्वक्र आणि खालची बहिर्वक्र होत जाते. आरशाचे केंद्रांतर, म्हणजे आरशापासून ताऱ्याची प्रतिमा जिथे जमते तिथपर्यंतचे अंतर, १२०० मिलिमीटर हवे असेल तर मध्यभागी लागणारी खोली जेमतेम १.२ मिलिमीटर असते. ती मिळाल्यावर क्रमाने बारीक पुडी येतात आणि प्रत्येक पुडीने आधीच्या पुडीचे खड्डे पूर्ण घालवायचे असतात. शेवटी डांबरासारख्या पिचच्या थरावर सिरियम ऑक्साइडने काच चमकेपर्यंत घोटायची असते. त्यापुढचे काम सर्वांत नाजूक असते. गोलाकार झालेला पृष्ठभाग अन्वस्त (पॅराबोलाच्या आकाराचा) करायचा असतो आणि या आकाराच्या आरशात त्या दोहोंमधला फरक मिलिमीटरच्या सुमारे तीन दहा-हजारांश एवढाच असतो. तो ओळखण्यासाठी फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फूको यांनी १८५८ च्या सुमारास सांगितलेली चाचणी अजूनही वापरतात. आरशाच्या वक्रतेच्या केंद्रापाशी, म्हणजे आमच्या आरशासाठी २४०० मिलिमीटरवर, बारीक दिवा आणि एक धारदार पाते ठेवायचे आणि पात्याने परतणारे किरण अडवत आरशावर उमटणाऱ्या सावल्या वाचायच्या.

एवढे सांगण्याचे कारण असे की यातले जवळजवळ काहीही एकट्याने नीट होत नाही. भरड पुडीचा एक कण जरी शेवटच्या टप्प्यात राहिला तरी चरा पडतो आणि मागच्या टप्प्यावर जावे लागते, म्हणून टेबल, बादल्या, हात आणि कपडेसुद्धा धुतले आहेत ना, हे दुसऱ्याने तपासायचे असते. सावल्या वाचायला शिकवणारा माणूस शेजारी बसावा लागतो, कारण चित्रे पाहून ती नजर येत नाही. घोटण्याचे काम संथ आणि आठवडेच्या आठवडे चालणारे असल्यामुळे त्यात बोलायला भरपूर वेळ मिळतो. आमच्याकडे दहावीतली मुलगी आणि निवृत्त फिटर एकाच आरशावर आळीपाळीने काम करतात. तो तिला काच हाताळायला शिकवतो, ती त्याला अन्वस्ताचे समीकरण समजावते. सप्टेंबरअखेर दोघेही दुसऱ्याची चौकशी केल्याशिवाय कामाला हात लावत नाहीत.

शिवाय पावसाळा या कामाला हवामानानेही सोयीचा आहे. पिच उन्हाळ्याच्या दुपारी मऊ पडते आणि पृष्ठभागाचा आकार बिघडवते. जुलै-ऑगस्टमध्ये दिवसरात्रीच्या तापमानात फारसा फरक नसतो, त्यामुळे पिच एकसारखे वागते आणि चाचणीच्या वेळी खोलीतली हवाही स्थिर राहते.

कृत्तिका

धागाकर्त्यांनी ज्यांना "गळालेले" म्हटले आहे, त्यांच्यापैकी मी एक आहे, म्हणून माझी बाजू मांडते.

मी प्रथम ज्या गटात गेले तो मोठ्या शहरातला होता. कार्यक्रम उत्तम असत, दुर्बिणी चांगल्या होत्या, आणि शनीची कडी पाहून मी घरी येऊन आईला झोपेतून उठवले होते. पण तिथे कोणीही माझे नाव विचारले नाही. जुने सभासद आपापसांत मेसिए यादीच्या, म्हणजे दीर्घिका, तारकागुच्छ, तेजोमेघ अशांच्या जुन्या यादीच्या, क्रमांकांत बोलत. कोणी "एक्कावन्न मिळाला का?" असे विचारले की दुसरा हो म्हणे, आणि तो एक्कावन्न म्हणजे सप्तर्षींच्या शेपटाजवळची दीर्घिका आहे, हे रांगेत उभ्या असलेल्या माणसाला कोणी सांगत नसे. पाऊस सुरू झाल्यावर फक्त इतरांनी काढलेली छायाचित्रे येत राहिली. ऑक्टोबरात पहिल्या कार्यक्रमाचे निमंत्रण आले तेव्हा आपण तिथे गेलो काय आणि न गेलो काय, असे मला प्रामाणिकपणे वाटले.

नंतर बदलीच्या गावी दुसरा गट मिळाला. दुसऱ्याच भेटीत तिथल्या एका काकांनी माझ्या हाती लाल जिलेटिन कागद आणि रबरबँड दिले आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या विजेरीवर तो कागद लावण्याचे काम माझ्याकडे सोपवले. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात, पांढऱ्या उजेडाचा एक झोत ती सगळी मिनिटे वाया घालवतो, आणि मंद लाल उजेडाने मात्र डोळ्यांतल्या अंधारात काम करणाऱ्या पेशींवर फारसा परिणाम होत नाही. हे मला समजावून सांगितले गेले आणि मग तेच मी प्रत्येकाला समजावून सांगू लागले. त्या एका संध्याकाळी मी सगळ्यांशी बोलले आणि सगळ्यांना माझे नाव कळले. त्यामुळे धागाकर्त्यांचे काम देण्याविषयीचे म्हणणे मला पूर्ण पटते, फक्त ते काम पावसाळ्याची वाट न पाहता पहिल्या-दुसऱ्या भेटीतच द्यायला हवे.

निशिगंधा

काम द्यावे हे मान्य आहे, पण कोणते काम कोणाला मिळते याकडे कोणीतरी पाहायला हवे. बरीच वर्षे मी अशा गटांत वावरले आहे आणि अनेक ठिकाणी दुर्बीण जुळवणे, तारा शोधणे, व्याख्यान देणे ही कामे आपोआप पुरुषांकडे जातात आणि नावनोंदणी, चहा, लहान मुलांना सांभाळणे ही बायकांकडे येतात, असे मला दिसले आहे. यात कोणाचा वाईट हेतू असतो असे मी म्हणत नाही. परंतु जिने रात्रभर चहाच केला ती देवयानी दीर्घिका न पाहताच परतते, आणि पुढच्या वेळी घरचे "कशाला जातेस?" असे विचारतात तेव्हा तिच्याकडे उत्तर नसते. आमच्या गटाने यावर साधा उपाय केला. प्रत्येक कार्यक्रमाला कामाची पाळी फिरते, आणि दुर्बिणीवर उभे राहण्याची पाळी प्रत्येकाला घ्यावीच लागते, ती टाळता येत नाही.

रात्रभराच्या कार्यक्रमांचा प्रश्न यालाच जोडलेला आहे. अंधारे आकाश हवे तर शहरापासून लांब जावे लागते. मुंबईच्या खगोल मंडळाचे वांगणीचे रात्रभराचे कार्यक्रम अनेकांना आठवत असतील. पण विशीतल्या मुलीला अनोळखी माणसांबरोबर रात्रभर माळावर पाठवायला पालक का तयार व्हावेत? आमच्याकडे पावसाळ्यात जी काही कामे होतात त्यांत मला सर्वांत मोलाचे वाटते ते घरोघरी जमणे. दर पंधरवड्याला एका सभासदाच्या घरी बैठक होते, कोणीतरी अर्धा तास एका विषयावर बोलते आणि मग सगळे मिळून जेवतात. त्या निमित्ताने आई-वडील मंडळातल्या लोकांना पाहतात, त्यांच्याशी बोलतात. नोव्हेंबरातल्या पहिल्या रात्री ज्या मुली येतात, त्या या बैठकांमुळे येतात. कोण कोणाबरोबर जाणार, परत कधी येणार, जागेवरचा संपर्क कोणाचा, हे सगळे आम्ही लेखी ठेवतो आणि पालकांना आधी देतो.

रूपविकारी

काचकाम यांच्या आरशांविषयी मला आदर आहे, पण ते काम ज्यांना हातांनी घडवण्याची आवड आहे त्यांनाच बांधून ठेवते. नोंदींचे काम त्याहून अधिक जणांना जमते.

आमचा लहान गट रूपविकारी तारे, म्हणजे ज्यांची तेजस्विता बदलत राहते असे तारे, पाहतो. पद्धत सोपी आहे. ताऱ्याच्या आसपासचे ज्ञात तेजस्वितेचे दोन तारे निवडायचे, आपला तारा त्यांच्या मध्ये कुठे बसतो याचा डोळ्याने अंदाज घ्यायचा, आणि वेळेसह लिहून ठेवायचे. प्रत हे ताऱ्याच्या तेजस्वितेचे माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद. दोन निरीक्षकांच्या अंदाजात दशांश प्रतीचा फरक सहज पडतो, म्हणून जितके जास्त जण तितकी नोंद भरवशाची. २०१९-२० च्या हिवाळ्यात काक्षी (बीटलज्यूस) तारा मंदावू लागला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये १.६ प्रतीच्या आसपास उतरला, तेव्हा त्यासाठी दुर्बिणीचीही गरज नव्हती. आमच्या वहीत त्या महिन्यांची पाने गच्च भरलेली आहेत आणि प्रत्येक ओळीसमोर वेगवेगळी आद्याक्षरे आहेत. पावसाळ्यात आम्ही या वह्या उघडतो, आलेख काढतो, कोणाचा अंदाज सतत एका बाजूला झुकतो ते पाहतो, आणि रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांची जी अमेरिकन संघटना १९११ पासून अशा नोंदी गोळा करते, तिच्याकडे त्या पाठवतो. ज्याची आद्याक्षरे वहीत आहेत तो माणूस आलेख पाहायला येतोच.

या संघटनेच्या इतिहासात आपल्या उपखंडातले एक नाव फार मोठे आहे. जेसोरचे (आता बांगलादेशात) राधागोविंद चंद्र सरकारी खजिन्यात नोकरी करत. त्यांच्याकडे पदवी नव्हती. १९१८ साली गरुड तारकासमूहात प्रकटलेला नवतारा, म्हणजे अचानक उजळलेला तारा, त्यांनी पाहिला, पुढे या संघटनेकडे ते हजारो निरीक्षणे पाठवत राहिले, आणि १९२६ मध्ये संघटनेने सहा इंची दुर्बीण समुद्रापार त्यांच्याकडे वापरायला पाठवली. पुढे तीच दुर्बीण खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पू यांच्याकडे गेली. आपण सगळे आपलेपणाविषयी बोलत आहोत, तर एकमेकांना न भेटलेल्या माणसांनी केवळ नोंदींच्या प्रामाणिकपणावर एवढा विश्वास टाकला, हेही लक्षात घ्यावे असे मला वाटते.

ज्यांना वह्याही नकोत त्यांच्यासाठी लघुग्रह शोधण्याच्या आंतरराष्ट्रीय मोहिमा आहेत. हवाईतल्या पॅन-स्टार्स दुर्बिणीने घेतलेल्या आकाशाच्या एकाच भागाच्या चार प्रतिमा संगणकावर एकापाठोपाठ दाखवल्या जातात आणि त्यांतला सरकणारा ठिपका शोधायचा असतो. आपल्या माथ्यावरच्या ढगांचा याच्याशी काही संबंध येत नाही आणि शाळेतली मुले यात फार तन्मय होतात.

दूरदेशी

मी अमेरिकेच्या ईशान्य भागात राहतो, जिथे ढग वर्षभर वाटून घेतलेले आहेत. इथे व्हरमाँट राज्यात स्प्रिंगफील्ड नावाचे छोटे गाव आहे, एके काळी यंत्रे बनवण्याच्या कारखान्यांचे. तिथे रसेल पोर्टर यांनी १९२० मध्ये कारखान्यातल्या पंधरा पुरुष आणि एका स्त्रीला दुर्बिणीचा आरसा घडवायला शिकवले. त्यांच्यातून मंडळ निर्माण झाले, त्यांनी टेकडीवर स्वतःच्या हातांनी सभागृह बांधले, त्याला स्टेलाफेन हे नाव दिले, आणि १९२६ पासून तिथे दुर्बिणी घडवणाऱ्यांचा मेळावा भरू लागला. मी गेलो त्या वर्षी रात्री ढग होते, तरी कोणी निघून गेले नाही. दिवसभर लोक आपापल्या घरी घडवलेल्या दुर्बिणी मांडून बसले होते, आणि मी भारतातून आलो आहे हे कळल्यावर एका आजोबांनी मला शेजारी बसवून त्यांच्या आरशातली उणीव कुठे आहे ते दाखवले. उणीव दाखवून ओळख करून देणारी माणसे मला त्याआधी भेटली नव्हती. काचकाम यांचे टेबल वाचताना ते आजोबा आठवले.

ध्रुवमत्स्य (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. इतके नेमके प्रतिसाद मिळतील असे वाटले नव्हते.

निशिगंधा यांचा मुद्दा वाचून मी आमच्या मंडळाची गेल्या हंगामाची यादी काढून पाहिली. आमच्याकडेही चहाच्या रकान्यात बायकांचीच नावे आहेत. यंदा पाळी फिरेल, आणि दुर्बिणीची पाळी सर्वांना सक्तीची राहील. कृत्तिका यांची सूचनाही तशीच स्वीकारतो. पहिल्या भेटीत नाव विचारणे आणि दुसऱ्या भेटीत काम देणे हे आम्ही संयोजकाचे कर्तव्य म्हणून लिहून ठेवत आहोत, आणि मेसिए क्रमांक उच्चारणाऱ्याने शेजारच्या नवख्याला ती वस्तू काय आहे आणि कुठे आहे ते सांगायचे, हाही नियम करत आहोत.

रूपविकारी यांच्याशी एका बाबतीत माझा मतभेद आहे. न भेटलेल्या माणसांमधला विश्वास मोठा असतो हे खरे, पण तालुक्याच्या गावात नवा माणूस पावसाळ्यात टिकवायचा तर त्याला कोणाच्या तरी घरी बोलवावेच लागते. वहीतल्या आद्याक्षरांनी तो येईल, परंतु ती आद्याक्षरे वहीत पडण्याआधीच बहुतेक जण गळतात. म्हणून यंदा घरोघरीच्या बैठका आधी सुरू करू आणि निरीक्षणाची वही ऑक्टोबरात.

काचकाम यांना एक व्यावहारिक प्रश्न आहे. आरसे घासणे आम्हाला जमेल असे वाटते, कारण गावात एक निवृत्त लेथ कारागीर आहेत आणि त्यांना हे वाचून दाखवल्यावर त्यांनी लगेच टेबलाचे माप विचारले. पण घोटून झाल्यावर त्यावर ॲल्युमिनियमचा थर कसा चढवतात? आणि पहिल्याच वर्षी किती आरसे हाती घ्यावेत?

काचकाम

थर चढवण्याचे काम घरी होत नाही. त्यासाठी निर्वात पेटी लागते, त्यामुळे आरसा ज्या ठिकाणी ती सोय आहे तिथे पाठवावा लागतो. चार-पाच आरसे एकत्र पाठवले तर खर्च वाटला जातो आणि पॅकिंग नीट करता येते, म्हणून जवळपासच्या गटांशी आधीच बोलून ठेवावे. आमचे आरसे सप्टेंबरअखेर जातील, तुमचे त्याच खोक्यात घालता येतील.

पहिल्या वर्षी एकच आरसा घ्या. आकार १५० मिलिमीटर, केंद्रांतर १२०० मिलिमीटर, कारण या प्रमाणात अन्वस्ताची चूक फार छळत नाही. त्यावर दोन-दोन जणांच्या जोड्या लावा आणि प्रत्येक जोडीत एक जुना, एक नवा ठेवा. भरड आणि बारीक पुडीच्या बादल्या वेगवेगळ्या रंगांच्या घ्या, त्यांची अदलाबदल कधीही होऊ देऊ नका. जुन्या दुर्बिणींच्या पेट्यांत सिलिका जेल आत्ताच घाला, कारण दमट हवेत भिंगांवर बुरशी धरते आणि ती काचेत उतरली की निघत नाही. फूकोच्या चाचणीचा स्टँड आमच्याकडे जादा आहे. तुमचे लेथ कारागीर काका एखाद्या शनिवारी येऊन तो पाहू शकले तर सावल्या कशा वाचायच्या तेही मी त्यांना दाखवेन, आणि त्यांच्याबरोबर तुमच्याकडचा एखादा नवा सभासद जरूर पाठवा.